वीतभर बांबूचा सूर

गडचिरोलीच्या शाखेत असताना मी पाहिले : गुराख्याचे पोर पावा पहिल्याच फुंकरीत वाजवते, बासरी मात्र महिने मागते. बासरीत हवेचा झोत ओठांनी साधावा लागतो. पाव्यात ते काम नळीच्या तोंडाशी बसवलेले बूच करते. बूच आणि बांबू यांमधल्या अरुंद फटीतून निघालेली हवा खिडकीच्या धारदार कडेवर आदळते, क्षणात आत, क्षणात बाहेर वळते. नळीतली हवा थरथरते, सूर उमटतो. शिट्टीचेही तेच.

गवताच्या कुळातला हा बांबू १९२७च्या वन कायद्याने वृक्ष ठरला, वनखात्याकडे राहिला. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला. २०११ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती त्याचे वाहतूक परवाने आले. सूर गुराख्याचा होताच. तिथे बांबूही गावाचा झाला.