सोयाबीनचें मेण : निवड आणि पारख

मेण वितळवावें, पेल्यांत ओतावें, मध्यें वात उभी करावी, कीं मेणबत्ती झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. अलीकडे दिवाळीच्या सुमारास अनेक भगिनी व बचत गट सोयाबीनच्या मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या कांचेच्या पेल्यांत करून विकतात. धंदा थोड्या भांडवलाचा आहे, स्वच्छ आहे, आणि घर सांभाळून करतां येण्याजोगा आहे. परंतु घेणारा ती वस्तु घरीं नेऊन पेटविणार असतो. जवळ पडदे असतात, मुलें वावरत असतात. ज्योत कशी जळते हें न पाहतां अशी मेणबत्ती दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे चव न पाहतां पंगत वाढण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं, पंगतींत फार तर मीठ कमी पडेल; येथें कांच तडकेल.

तेलाचें मेण कसें होतें हें समजण्यास डालड्याच्या डब्याची आठवण पुरेशी आहे. सोयाबीनचें तेल पातळ असतें, कारण त्यांतील मेदाम्लांच्या साखळ्यांत जागोजाग दुहेरी बंध असतात. त्या ठिकाणीं साखळी वांकते, आणि वांकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधली जात नाहीं तसे हे रेणु एकमेकांस बिलगून बसत नाहींत. निकेल धातूच्या सान्निध्यांत त्या तेलांत हायड्रोजन वायु सोडला कीं बंध भरून निघतात, साखळ्या सरळ होतात व तेल गोठतें. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञानें १९०२ सालीं या कृतीचें पेटंट घेतलें, आणि १९३७ सालीं हिंदुस्थानांत डालडा निघाला तो याच कृतीच्या बळावर. मेणबत्तीसाठीं मात्र तिचा उपयोग पुष्कळ उशिरां झाला. अमेरिकेंतील आयोवा राज्याच्या मायकेल रिचर्ड्स यांनीं १९९० च्या दशकाच्या आरंभीं सोयाबीनचें मेण पुढें आणलें.

हायड्रोजन पूर्ण भरलेलें सोयातेल ७० अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळतें; पण तें ठिसूळ असतें आणि पेल्याच्या कडेला धरून राहत नाहीं. म्हणून पेल्यांत ओतावयाच्या मेणांत मऊ भाग राखलेला असतो, आणि तें बहुधा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान वितळतें. उभ्या, बिनपेल्याच्या मेणबत्तीचें मेण याहून कठीण असतें. दुकानदार दोहोंस ‘सोया वॅक्स’ एवढेंच म्हणतो. तेव्हां पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, हें पेल्याचें मेण आहे कीं उभ्या मेणबत्तीचें? दुसरा प्रश्न, त्यांत पॅराफिन, पाम किंवा खोबऱ्याच्या तेलाचें मेण मिसळलें आहे काय? मिश्रण असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. पुष्कळ मिश्रणें चांगलीं जळतात. परंतु मिश्रण विकून वर ‘शुद्ध सोया’ अशी चिठ्ठी लावणें हा सरळ सरळ खोटेपणा होय.

तिसरा प्रश्न द्रवणांकाचा, म्हणजे मेण किती अंशांवर वितळतें याचा; आणि महाराष्ट्रांत हाच सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेंतील मेणबत्तीवाल्यांत ‘गोल्डन वॅक्स ४६४’ या मेणाचें फार कौतुक आहे, आणि त्यांचें ऐकून इकडचे लोकही तेंच मागवितात. तें ५० अंशांच्या आंतच वितळतें. आतां नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यांत सावलींतलाच पारा ४५ अंशांपलीकडे जातो; मग पत्र्याच्या छपराखालीं किंवा उभ्या मालमोटारींत काय होत असेल! तेथें असें मेण घामेजतें, सुगंधी तेल पृष्ठावर सुटतें, आणि पेला आडवा झाला तर सगळेंच बाहेर येतें. त्याच घराण्यांतलें ‘४४४’ हें मेण याहून थोडी अधिक उष्णता सोसतें. याची परीक्षा सोपी आहे. भरलेला पेला भर उन्हाळ्यांत माडीवरच्या बंद खोलींत, जवळ उष्णतामापक ठेवून, दोन दिवस राहूं द्यावा. जें मेण तेथें टिकलें नाहीं तें विदर्भांत पाठवूं नये, मग पुण्यांत तें कितीही सुरेख दिसो.

दिसण्याविषयीं मात्र उगाच धास्ती घेऊं नये. सोयाच्या मेणावर कांहीं दिवसांनीं पांढरी, दंवासारखी नक्षी उमटते. गोठलेल्या मेणाचे स्फटिक हळूहळू आपली मांडणी बदलतात त्याची ती खूण आहे. निफाडच्या थंडींत मेण आकसून कांचेपासून सुटतें आणि ओले डाग पडल्यासारखें दिसतें. हे दोन्ही दोष डोळ्यांचे आहेत, ज्योतीचे नव्हेत. पेले ओतण्यापूर्वीं किंचित् कोमट केले व वाऱ्यापासून दूर सावकाश निवूं दिले तर ते पुष्कळ कमी होतात.

मेण नेहमीं पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत वितळवावें. थेट चुलीवर किंवा गॅसवर कधींही ठेवूं नये. तें पेटलेंच तर पाणी न टाकतां झांकण घालून आंच बंद करावी. सर्व मोजमाप वजनानें करावें. दोनशें मिलिलिटर मावणाऱ्या पेल्यांत मेण सुमारें १८० ग्रॅमच राहतें, कारण तें पाण्याहून हलकें आहे. सुगंधी तेल मेणाच्या शेंकडा ६ ते १० पर्यंत घालतात. १८० ग्रॅमला शेंकडा ८ प्रमाणें १४ ग्रॅमांहून थोडें अधिक पडतें. सुमारें ८० ते ८५ अंशांवर तें घालून दोन मिनिटें सावकाश ढवळावें आणि ५५ ते ६० अंशांपर्यंत निवल्यावर ओतावें. अधिक तेल म्हणजे अधिक सुवास हा हिशेब खोटा आहे. मेणांत न सामावलेलें तेल तळाशीं किंवा पृष्ठावर सांचतें, वात कोंडते, आणि कधीं भडकाही उडतो.

वातेची निवड ही खरी कसोटी होय. मायकेल फॅरडे यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८६० सालच्या नाताळांत मुलांपुढें मेणबत्तीवर व्याख्यानें दिलीं. त्यांत त्यानें दाखविलें कीं, ज्योतींत जळते ती मेणाची वाफ. वात वितळलेलें मेण वर ओढते, उष्णतेनें त्याची वाफ होते, आणि ती पेटते. तेव्हां वात बारीक पडली तर ज्योत उपाशी राहते, मध्यें विहिरीसारखा खड्डा पडतो व कडेचें मेण तसेंच उरतें. वात जाड झाली तर ज्योत उंच नाचते, टोकाला कोळशाची बोंडी धरते, काजळी सुटते आणि पेला तापतो. सोयाचें मेण काजळी धरीतच नाहीं, असें जाहिरातींत सांगतात. जाड वात घालून पाहावी, म्हणजे त्या विधानाचें काय होतें तें कांचेवरच उमटेल.

म्हणून एकच मेण, एकच सुगंध आणि एकाच मापाचे तीन पेले घेऊन त्यांत तीन जाडीच्या वाती घालाव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या कीं दोष कोणाचा तें कळत नाहीं. पेले झांकून दोन आठवडे ठेवावे, कारण सोयाच्या मेणांत सुवास मुरण्यास वेळ लागतो. मग वात ६ मिलिमिटर राखून कापावी, पेला वजन करून पेटवावा, चार तासांनीं विझवावा आणि गार झाल्यावर पुन्हां वजन करावें. सात सेंटिमिटर रुंद पेल्यांत सुमारें तीन तासांत वितळलेलें मेण कडेपर्यंत पोंचलें, आणि त्याची खोली एक सेंटिमिटरच्या आसपास राहिली, तर वात योग्य समजावी. तासाला पांच ग्रॅम मेण जळत असेल तर १८० ग्रॅमला ३६ तास, म्हणजे नऊ बैठका. सर्व वहींत टिपावें.

एवढ्या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. दसऱ्याला मेण आणून लक्ष्मीपूजनापूर्वीं मेणबत्त्या विकूं म्हणणाऱ्यांस वीसच दिवस मिळतात; त्यांतले चौदा मुरण्यांत जातात, आणि पारखीसाठीं सहा उरतात. ज्यांना दिवाळींत विकावयाचें आहे त्यांनीं श्रावणांतच पहिला पेला ओतावा.

पहिल्या तीनचार बैठका नीट झाल्या कीं पुष्कळ जण परीक्षा सोडून देतात. परंतु पेला खोल होत जातो तशी आंत हवा कमी खेळते, उष्णता सांचते, आणि तळाच्या मेणांत ज्योत कांचेला फार जवळ येते. पाणी पिण्याचे पातळ पेले तडकतात ते बहुधा याच वेळीं. शेवटच्या तीन बैठका पेला मातीच्या परळांत ठेवून, नजरेसमोरच कराव्या. तळाशीं एक सेंटिमिटरभर मेण उरलें कीं ज्योत विझवावी, आणि तशी सूचना विकावयाच्या प्रत्येक पेल्यावर मराठींत, ठळक अक्षरांत चिकटवावी.