कासवांचें कुंपण आणि विषारी भेक

शत्रु म्हटला कीं, तीक्ष्ण दांत किंवा नखें असलेला प्राणी डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्याच्या तोंडांत एकहि दांत नाहीं व जो कोणाच्या अंगावर धांवून जात नाहीं, असा प्राणीहि पाळीव जनावरांना घातक ठरूं शकतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतील दक्षिण फ्लॉरिडांत घरामागील बागेंत कासवें पाळणाऱ्या कुटुंबांना मात्र अशा एका प्राण्याची दखल घ्यावी लागते. तो प्राणी म्हणजे केन टोड, अर्थात् उसाच्या मळ्यांतील भेक.

याची मूळ भूमि दक्षिण व मध्य अमेरिका. उसावरील किडे हा फस्त करील, या आशेनें मनुष्यानेंच त्याला देशोदेशीं नेलें. १९३२ सालीं तो हवाई बेटांत आला व तेथून १९३५ सालीं सुमारें शंभर भेक ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत नेण्यांत आले. किड्यांचा बंदोबस्त झाला नाहीं. भेकांची संख्या मात्र अफाट वाढली. फ्लॉरिडांत मुद्दाम सोडलेले पहिले भेक टिकले नाहींत. परंतु १९५५ सालीं मायामीच्या विमानतळावर एका व्यापाऱ्याच्या मालांतून शंभराच्या आसपास भेक निसटले आणि पुढें त्यांनीं त्या प्रदेशांत ठाण मांडलें.

या भेकाच्या दोन्ही डोळ्यांमागें खांद्यापर्यंत पसरलेल्या मोठ्या ग्रंथि असतात. त्याला कोणी धरलें किंवा चावलें, कीं त्यांतून दुधासारखा पांढरा, चिकट स्राव पाझरतो. त्यांतील द्रव्यें हृदयाच्या स्पंदनांत बिघाड करतात. त्याची अंडीं व पिलेंहि विषारीच असतात. भेक तोंडांत धरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, हिरड्या लाल होतात, झटके येतात आणि वेळीं उपाय न झाल्यास तें दगावतें.

कासव कांहीं भेकाची शिकार करावयास धांवत नाहीं. गवतपाल्यावर जगणाऱ्या मोठ्या आफ्रिकी कासवाला म्हणून धोका कमी. परंतु तांबड्या पायांचें दक्षिण अमेरिकी कासव फळांबरोबर मेलेल्या प्राण्यांचें मांसहि खातें. अशा कासवाच्या कुंपणांत मेलेला भेक पडून राहणें इष्ट नव्हे. दुसरी काळजी पाण्याची. रात्रीं भेक उथळ पाण्यांत येऊन बसतो व तेंच घाण करतो. सकाळीं कासव त्याच भांड्यांत अंग भिजवतें आणि तेंच पाणी पितें. मादी एका वेळीं आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडीं लांब, बुळबुळीत माळांच्या रूपानें पाण्यांत घालते. म्हणून रोज सकाळीं भांडें घासून पाणी बदलावें आणि लहान डबकें असल्यास त्यांत अशा माळा दिसतांच काढून टाकाव्या.

बंदोबस्ताचें मर्म दोघांच्या दिनचर्येंत आहे. कासव दिवसां हिंडतें, भेक रात्रीं. तेव्हां दिवस मावळतांच कासवांना घट्ट दाराच्या खुराड्यांत घेतलें, तर निम्मी चिंता तेथेंच मिटते. उरलेल्या निम्म्यासाठीं कुंपण हवें. हा भेक जड अंगाचा असून उंच उडी मारणारा नाहीं. दीड-दोन फूट उंचीची गुळगुळीत फळ्यांची भिंत त्याला पुरते. तिची खालची कड जमिनींत गाडावी, म्हणजे खालून भेकहि शिरत नाहीं आणि कासवहि उकरून बाहेर जात नाहीं. जाळी वापरावयाची तर बारीक विणीची घ्यावी, कारण नुकतें शेपूट गळालेलें पिलूं बोटाच्या पेराहूनहि लहान असतें. दाराखालची फट बहुधा विसरली जाते. ती आधीं बुजवावी.

भेकाला बोलावणाऱ्या वस्तूहि दूर कराव्या. दिव्याभोंवतीं किडे जमतात व किड्यांमागें भेक येतो. कुत्र्यामांजरांचें उघड्यावर ठेवलेलें अन्नहि तो खातो. पडक्या फळ्या आणि पाल्याचे ढीग हें त्याचें दिवसाचें बिऱ्हाड.

मात्र दिसेल तो भेक मारणें हा अन्याय होय. फ्लॉरिडाचा स्वतःचा एक लहान भेक आहे. तो किडे खाऊन बागेवर उपकारच करतो. त्याच्या डोक्यावर दोन ठळक कंगोरे असतात व लांबी चार इंचांच्या आंत असते. परका भेक सहा इंचांहून मोठा होतो व त्याच्या माथ्यावर तसे कंगोरे नसतात. पिलांमध्यें हा भेद ओळखणें कठीण. तेथें जाणकाराला विचारावें. भेक उचलण्याचा प्रसंग आल्यास हातमोजे घालावे, नंतर हात धुवावे आणि डोळ्यांना हात लावूं नये.

कासव सुस्त दिसलें किंवा त्याच्या तोंडाला स्राव लागल्याचा संशय आला, तर त्याला पाण्याबाहेर काढून, तोंड ओल्या फडक्यानें पुसून, तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. घरगुती औषधांत वेळ दवडूं नये.

आपल्या देशांत अंगणांतील भेकाच्या डोळ्यांमागेंहि अशाच ग्रंथि असतात. परंतु पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें आपलें रानटी कासव पकडून घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. त्याला त्याच्या माळरानावरच असूं द्यावें. जेथें कासव पाळणें कायदेशीर आहे, तेथील गृहस्थानें मात्र तीन गोष्टी रोज पाहाव्या: सकाळीं ताजें पाणी, दिवसां कुंपणाची फट आणि सायंकाळीं खुराड्याचें दार.