ईदनंतरही पावले थांबू नयेत

इफ्तारच्या दस्तरखानावर खजुरांची बशी फिरू लागली की दरवर्षी कुणीतरी म्हणतेच, "आमच्या घराण्यातच शुगर आहे. चालून-फिरून काय होणार?" आमच्या घरी हे अब्बा म्हणायचे. दादांना मधुमेह, मोठ्या चाचांना मधुमेह. आपल्यालाही होणारच, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. पुढे तो झालाही. आता माझी चाळिशी उलटली आणि तेच वाक्य माझ्या तोंडी येऊ लागले आहे.

त्यात तथ्य नाही असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, ती अशी.

मग हातपाय गाळून बसायचे का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार सांभाळून रोज किमान अर्धा तास भरभर चालण्याचा नियम दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. चालूनही काहींना मधुमेह झाला, हे खरे. पण अनेकांचा टळला, तो रोजच्या साध्या नियमाने.

रमजानमध्ये हे आपण स्वतःच्या शरीरावर अनुभवतो. तरावीह ही रात्रीची विशेष नमाज. अनेक मशिदींत तिच्या वीस रकात होतात, म्हणजे चाळीस सजदे. ती इबादत आहे, व्यायाम म्हणून कुणी करत नाही. तरीही पहिल्या रात्री कुरकुरणारे गुडघे दहाव्या रात्री निमूट साथ देतात. दहा दिवसांत रक्त काही बदललेले नसते, सवय बदललेली असते.

थोडेच असले तरी नित्यनेमाने केलेले सत्कर्म अल्लाहला अधिक प्रिय, अशी पैगंबर साहेबांची शिकवण हजरत आयेशा यांनी सांगितली आहे. शरीराचाही हिशेब तसाच आहे. एका दिवशी दहा किलोमीटर चालून आठवडाभर पडून राहण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच रोजा ठरवावा आणि औषधे मनाने बदलू नयेत. आजारी माणसाला शरीयतने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

खरी परीक्षा ईदनंतर असते. शिरखुर्म्याच्या वाट्या धुऊन ठेवल्या जातात आणि महिनाभराची शिस्तही त्यांच्यासोबत फडताळात जाते. यंदा मी शेजारच्या वारकरी काकांना शब्द दिला आहे. ते रोज पहाटे चालायला निघतात. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांच्याबरोबर असेन. अब्बांकडून आलेले रक्त मला बदलता येणार नाही. पण माझ्या मुलांनी दस्तरखानावर ते जुने वाक्य ऐकू नये, एवढे तरी माझ्या हातात आहे.