कापणी यंत्राला ओळ कशी सापडते?

मका, ऊस, कापूस आणि शुगरबीट ही पिके ओळीने लावली जातात आणि त्यांची काढणी करणारी मोठी यंत्रेही ओळीच्या मापानेच बनवलेली असतात. मक्याच्या कंबाइन हार्वेस्टरच्या तोंडाशी निमुळत्या नाकाडांची रांग असते. दोन नाकाडांमधल्या फटीत पिकाची एक ओळ शिरते. खाली फिरणारे रूळ धाट जोराने खाली ओढतात. फटीच्या दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या असतात. धाट त्यांच्यामधून निघून जाते, कणीस मात्र वर अडकून तुटते आणि साखळ्या ते मागे नेतात. ओळ फटीच्या मध्यावर असेल तरच हे काम नीट होते. यंत्र वीतभर बाजूला सरकले, की धाटे आडवी ढकलली जातात, काही मोडतात आणि हिसक्याने सुटलेली कणसे जमिनीवर पडतात. तयार झालेले पीक असे शेतातच राहते.

अमेरिकेत मक्याच्या दोन ओळींमध्ये साधारणपणे ७६ सेंटिमीटर अंतर ठेवतात. बारा ओळी एका वेळी कापणाऱ्या यंत्राचे तोंड त्यामुळे नऊ मीटरहून रुंद असते. ते ताशी ६ किलोमीटर वेगाने चालले, तर सहा सेकंदांत १० मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात दिशा फक्त एका अंशाने चुकली, तरी यंत्र १७ सेंटिमीटर बाजूला जाते. चालकाला तोंडाची उंची, दाण्याची टाकी आणि शेजारून चालणारी ट्रॉली यांच्याकडेही लक्ष द्यावे लागते. धूळ उडत असते आणि हंगामात काम रात्रीही चालू राहते. यंत्राला स्वतःहून ओळीवर ठेवणारी व्यवस्था या गरजेतून आली. ओळ कुठे आहे, यंत्र कुठे आहे आणि चाक किती वळवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिला सतत काढावी लागतात.

स्पर्शाने ओळखणे

ओळ शोधण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे धाट चाचपणे. मक्याच्या यंत्रात एका फटीच्या तोंडाशी स्प्रिंग बसवलेल्या दोन लवचीक दांड्या असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. पुढे येणारे धाट त्यांना घासत जाते आणि दांडी मागे झुकते. प्रत्येक दांडीच्या बुंध्याशी कोन मोजणारा सेन्सर असतो. दोन्ही दांड्या सारख्याच झुकल्या, तर ओळ मध्यावर आहे. डावी जास्त झुकली, तर ओळ डावीकडे आहे, म्हणजे यंत्र उजवीकडे सरकले आहे आणि ते डावीकडे घ्यायला हवे. यात ना उपग्रह लागतो ना नकाशा. ओळ वाकडी असली तरी यंत्र तिच्यामागे वाकडे जाते, कारण मोजमाप प्रत्यक्ष पिकावरूनच होत असते.

या पद्धतीच्या मर्यादाही पिकावरच अवलंबून असतात. जिथे बी उगवलेले नाही तिथे दांड्यांना काही लागत नाही. वाऱ्याने पीक आडवे पडले असेल तर धाटाचा झुकाव चुकीचा निरोप देतो. तण दाट असेल तर दांडी तणालाही धाट समजते. म्हणून संगणक एका धाटावर भरवसा ठेवत नाही. लागोपाठच्या अनेक स्पर्शांचा कल पाहून तो निर्णय घेतो.

आणखी एक अडचण पेरणीतून येते. तिफणीने पेरताना तिच्या तीन फणांमधले अंतर पक्के असते. एका फेरीची शेवटची ओळ आणि पुढच्या फेरीची पहिली ओळ यांतले अंतर मात्र हाकणाऱ्याच्या नजरेवर ठरते. मोठ्या पेरणी यंत्रांनाही हाच नियम लागू आहे. बारा ओळींच्या यंत्राने पेरलेले शेत आठ ओळींच्या यंत्राने कापायला घेतले, तर काही फेऱ्यांमध्ये हे अंदाजाचे अंतर कापणीच्या तोंडाच्या मधोमध येते. मग एका बाजूच्या ओळी बरोबर बसल्या तरी दुसऱ्या बाजूच्या बसत नाहीत, आणि चाक कितीही वळवले तरी ही चूक दुरुस्त होत नाही. म्हणून कापणीच्या ओळींची संख्या पेरणीइतकीच, किंवा पेरणीच्या संख्येला पूर्ण भाग जाईल अशी ठेवतात.

उपग्रहाच्या आधाराने

दुसरा मार्ग पिकाकडे न पाहता जागा मोजण्याचा आहे. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, त्यामुळे ओळीच्या कामाला ते पुरत नाही. अचूकता वाढवण्यासाठी आरटीके पद्धत वापरतात. यात जागा आधीच अचूक मोजलेल्या ठिकाणी एक स्थिर केंद्र असते. उपग्रहांच्या संदेशात त्या क्षणी किती चूक आहे हे ते केंद्र ओळखते आणि दुरुस्ती रेडिओने किंवा मोबाइल जाळ्यावरून यंत्राकडे पाठवते. त्यामुळे चूक दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाली येते. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रह संदेशाच्या अशाच सूक्ष्म मोजणीवर ट्रॅक्टर आपोआप सरळ चालवून दाखवला होता.

व्यवहारात चालक शेताच्या एका टोकाला ‘अ’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ब’ बिंदू नोंदवतो. यंत्रावरचा संगणक त्या रेषेला समांतर अशा सगळ्या फेऱ्या आखतो. पेरणीच्या वेळी आखलेली रेषा जपून ठेवली, तर काही महिन्यांनी कापणी यंत्राला तीच देता येते. मात्र त्यासाठी आज मोजलेली जागा सहा महिन्यांनीही तीच निघाली पाहिजे. स्वस्त दुरुस्ती सेवांमध्ये रेषा काळानुसार सरकते. स्थिर केंद्रावरच्या आरटीकेमध्ये ती जागेवर राहते.

अँटेना केबिनच्या छपरावर, जमिनीपासून चारेक मीटर उंच असते. एक चाक खड्ड्यात गेले आणि यंत्र दोनच अंश कलले, तरी अँटेना सुमारे १४ सेंटिमीटर बाजूला जाते, तोंड मात्र जवळपास ओळीवरच असते. हा फरक लक्षात घेतला नाही, तर यंत्र विनाकारण वळेल. म्हणून कल मोजणारे जायरोस्कोप सोबत बसवलेले असतात आणि संगणक आधी कलाचा हिशेब करून मगच जागा ठरवतो.

कॅमेरा आणि लेसर

गहू किंवा चाऱ्याच्या पिकात वेगळी ओळ नसते. तिथे कापलेल्या आणि उभ्या पिकामधली कड धरून चालावे लागते. युरोपात यासाठी यंत्राच्या तोंडाच्या बाजूला लेसर बसवतात. त्याचे किरण उभ्या पिकावरून आणि कापलेल्या बुडख्यांवरून वेगवेगळ्या अंतरांवरून परततात आणि त्यावरून कड कळते.

कॅमेऱ्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘डेमीटर’ यंत्राने केला. चारा कापणाऱ्या या यंत्रावर दोन कॅमेरे आणि जीपीएस होते. चित्राच्या प्रत्येक आडव्या रेषेत रंग एकदम कुठे बदलतो हे संगणक शोधत असे आणि असे सगळे बिंदू जोडून पिकाची कड ठरवत असे. ऑगस्ट १९९७ मध्ये या यंत्राने १०० एकर लसूणघास कापला आणि मध्ये फक्त इंधनासाठी थांबे घेतले. कॅमेऱ्यापुढे आजही धूळ, मावळतीचे ऊन आणि यंत्राची स्वतःची सावली या अडचणी उरतातच. म्हणून आधुनिक यंत्रे एकाच साधनावर विसंबत नाहीत. ओळ सलग असेल तेव्हा स्पर्शाचा आधार घेतात, ओळीत खंड पडला की उपग्रहाने ठरवलेल्या दिशेने पुढे जातात.

चाक वळवण्याचे गणित

चूक किती आहे हे कळल्यावर ती दुरुस्त करायची असते. कंबाइनची मोठी चाके पुढे आणि वळणारी चाके मागे असतात. मागचा भाग डावीकडे गेला की तोंड उजवीकडे फिरते. संगणक विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हला आदेश देतो आणि चाक खरोखर किती वळले हे वेगळ्या सेन्सरने तपासतो. ही मोजणी आणि दुरुस्ती सेकंदाला अनेक वेळा होते. दुरुस्ती फार जोराची असेल तर यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंना नागमोडी जाऊ लागते, फार हलकी असेल तर ओळ हातची जाते. म्हणून किती चूक आहे याबरोबरच ती वाढते आहे की घटते आहे, हेही पाहिले जाते. चालकाने स्टिअरिंगला हात घालून ते फिरवले, की स्वयंचलित व्यवस्था लगेच बाजूला होते.

उसाची गोष्ट वेगळी

उसात चुकीची किंमत एका हंगामापुरती नसते. ऊसतोडणी यंत्र बहुधा एका वेळी एकच ओळ तोडते. जमिनीलगत फिरणाऱ्या दोन चकत्यांची पाती ऊस बुडातून कापतात, आणि उसाच्या बुडाकडच्या कांड्यांमध्ये साखर सर्वाधिक असते. यंत्र मध्यावर नसेल तर एका बाजूचे बुडखे उंच राहतात, दुसऱ्या बाजूचे फाटतात किंवा मुळासकट उपटतात. त्यातच चाके शेजारच्या ओळीवर चढली, तर माती दाबली जाते आणि खोडव्याचे फुटवे कमी येतात. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात एकाच लागणीवर चार-पाच तोडण्या घेतल्या जातात, त्यामुळे नुकसान दरवर्षी साठत जाते.

ऑस्ट्रेलियात उसाच्या ओळी अनेक वर्षे दीड मीटरवर होत्या आणि तोडणी यंत्रांच्या चाकांमधले अंतर त्याहून जास्त होते. चाकांमधले अंतर १.८ मीटर धरले, तर चाकाचा मध्य सरीच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर पलीकडच्या ओळीकडे जातो. थोडी चूक झाली तरी चाक बुडख्यांवर. घटत्या उत्पादनाची कारणे शोधण्यासाठी तिथे १९९३ मध्ये संयुक्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. ओळींचे अंतर यंत्राच्या चाकांशी जुळवणे आणि दरवर्षी चाके ठरलेल्या पट्ट्यांवरूनच नेणे, हा त्यातून पुढे आलेल्या उपायांचा एक महत्त्वाचा भाग होता. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याने २००२ च्या कायद्याने ऊस जाळून तोडण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि यंत्रतोडणी वेगाने वाढली. हिरव्या पाचटात लोळलेल्या उसाची ओळ डोळ्यांना दिसत नाही, दांड्यांनाही सापडत नाही. तिथे लागणीच्या वेळी नोंदवलेली उपग्रह रेषाच कामी येते.

महाराष्ट्रातही तोडणी मजुरांच्या टंचाईमुळे ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. अचूक जागा मोजण्याचे साधन इथे नवे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात उभारलेल्या ‘कॉर्स’ या स्थिर केंद्रांच्या आधारे भूमी अभिलेख खाते रोव्हर या हलवता येणाऱ्या उपग्रह-मापकाने जमीन मोजते, आणि या मोजणीचे तत्त्व आरटीकेचेच आहे. खरी अडचण शेताच्या रचनेची आहे. लहान तुकडे, बांधापर्यंत भिडलेल्या सऱ्या, तीन फुटांचे जुने अंतर आणि मध्येच उभा असलेला विजेचा खांब यांवर कोणताही सेन्सर तोडगा काढू शकत नाही.

यंत्र ओळीमागे जाते, ओळ सरळ करत नाही. म्हणून यंत्राने ऊस तोडायचा असेल, तर सऱ्यांमध्ये चार ते पाच फूट सारखे अंतर ठेवणे, सऱ्या शक्य तितक्या लांब काढणे आणि दोन्ही टोकांना यंत्र वळण्याइतकी जागा मोकळी सोडणे, हे निर्णय लागणीच्या आधीच घ्यायला हवेत. तोडणीच्या दिवशी त्यांत काहीही बदलता येत नाही.