कॅशबॅक किती, आणि कोणत्या अटीवर?

पाचगणीच्या बाजारात आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवरून पैसे देऊन घेता येते. त्याच फोनवर बँकेचा संदेशही येतो, 'आमच्याकडे खाते उघडा, प्रत्येक खरेदीवर कॅशबॅक मिळवा.' पालक शाळेत भेटले की आम्हाला विचारतात, "सर, घ्यावे का हे खाते?" आम्ही त्यांना आधी अटींचा कागद आणायला सांगतो. टक्का मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो कोणाला मिळणार हे बारीक अक्षरात असते.

समजा कॅशबॅक ५ टक्के आहे, पण महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये. म्हणजे २,००० रुपयांपुढच्या खरेदीवर काहीच नाही. शिवाय खरेदी कार्डानेच हवी, यूपीआयने केलेली धरली जाणार नाही. पेट्रोल, घरभाडे, विजेचे बिल हे खर्च बरेचदा वगळलेले असतात. आपला दूधवाला, भाजीवाली कार्ड घेत नाहीत. मग महिन्याला ९०० रुपयांची खरेदी अटीत बसली, तर कॅशबॅक ४५ रुपये, वर्षाचे ५४०. त्या कार्डाची वार्षिक फी ५०० रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात. इतके करून ५० रुपये आपल्याच खिशातून गेले.

खरी मेख असते ती किमान शिलकीच्या अटीत. इथे 'सरासरी' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. रोजची अखेरची शिल्लक मिळवून तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात. १०,००० रुपये सरासरी हवी म्हणजे रोज तेवढे हवेतच असे नाही. ३० दिवसांच्या महिन्यात १० दिवस ३०,००० राहिले आणि उरलेले २० दिवस खाते रिकामे असले, तरी सरासरी १०,००० भरते.

पण आपल्या भागातले उत्पन्न बारा महिने सारखे नसते. स्ट्रॉबेरीचा हंगाम आणि मे महिन्याची गर्दी संपली की टॅक्सी, घोडे, हॉटेल, खेळण्यांचे स्टॉल सगळेच मंदावते. जून ते सप्टेंबर घर चालते ते साठवलेल्या पैशांवर. हंगामात उघडलेल्या खात्यात पावसाळ्यात सरासरी ४,००० वर आली आणि बँक तुटीच्या ५ टक्के दंड लावत असेल, तर ६,००० च्या तुटीवर ३०० रुपये, जीएसटीसह ३५४. चार महिन्यांचे १,४१६. वर्षभराचा कॅशबॅक यात बुडतो. हॉटेलातल्या कामगारांनी आणखी एक पाहावे. पगार खात्याला किमान शिलकीची अट सहसा नसते, पण साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही तर अनेक बँका ते साधे बचत खाते करतात आणि अट लागू होते.

अटी बदलतातही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या खात्यांसाठी निमशहरी भागात २५,००० रुपयांची सरासरी ठरवली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती ७,५०० केली. दुसरीकडे स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये, तर कॅनरा बँकेने जून २०२५ पासून बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. ज्याला कॅशबॅक नको, फक्त खाते हवे, त्याने बँकेत मूलभूत बचत खाते मागावे. त्याला किमान शिलकीची अट नाही आणि एटीएम कार्डाची वार्षिक फीही नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न निघतो, हा कॅशबॅक व्याजात मोडतो का? खरेदीवर दुकानदाराने दिलेली सूट आणि खात्यात अमुक रक्कम ठेवली म्हणून बँकेने दिलेला लाभ, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या प्रकाराबद्दल अनेक उलेमा सावध करतात. मुफ्ती साहेबांना विचारताना फक्त 'कॅशबॅक चालतो का' असे न विचारता अटींचा कागदच पुढे ठेवावा. क्रेडिट कार्डाचे तर उघड आहे. बिल पूर्ण भरले नाही की महिन्याला ३ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज चढते, तिथे ५ टक्क्यांच्या कॅशबॅकची काय मातब्बरी!

आणि हो, 'कॅशबॅक घेण्यासाठी पिन टाका' असा संदेश आला तर तो सरळ पुसून टाकावा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. ही गोष्ट घरातल्या आजी-आजोबांना आवर्जून सांगावी.

दंड कापला गेला असेल तर रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०१५ पासूनचे नियम माहीत हवेत. बँकेने आधी कळवून शिल्लक भरायला एक महिना दिला पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणातच हवा, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. तसे झाले असेल तर शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.