व्हाइट हाउसमधली मगर आणि इतर ऐकीव गोष्टी

अमेरिकेचे सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याविषयी सगळ्यांत आवडीने सांगितली जाते ती मगरीची गोष्ट. फ्रेंच सेनानी लाफायेतने भेट दिलेली मगर म्हणे त्यांनी व्हाइट हाउसच्या न्हाणीघरात ठेवली होती. ॲडम्स बाराव्या वर्षापासून रोजनिशी लिहीत होते, ती हजारो पानांची झाली. समकालीनांची पत्रेही भरपूर उपलब्ध आहेत. पण मगरीचा विश्वासार्ह समकालीन पुरावा कुठेच सापडलेला नाही. गोष्ट मजेदार आहे, एवढ्यावरच ती टिकून आहे.

‘बापाच्या पुण्याईवर मोठा झाला’ हा आरोप जरा गंभीर. वडील जॉन ॲडम्स दुसरे अध्यक्ष, तेव्हा संशय येणारच. वडिलांमुळे युरोप लहानपणीच पाहायला मिळाला, हेही खरे. 1781 मध्ये चौदा वर्षांचा जॉन क्विन्सी अमेरिकी दूत फ्रान्सिस डेना यांचा दुभाषी म्हणून सेंट पीटर्सबर्गला गेला, कारण रशियन दरबारात चालणारी फ्रेंच भाषा त्याला उत्तम येत होती. पण 1794 मध्ये त्याला नेदरलँड्सला वकील म्हणून पाठवले ते तेव्हाचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी. उलट वडील अध्यक्ष झाल्यावर मुलाला पद द्यायला कचरत होते. त्याची बढती नात्यापायी अडवू नका, असे वॉशिंग्टन यांनीच त्यांना पत्राने कळवले. पुढे 1809 मध्ये रशियातले पद मिळाले ते मॅडिसन यांच्याकडून, म्हणजे वडिलांच्या विरोधी पक्षाच्या अध्यक्षाकडून. त्याआधी सिनेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जेफरसन यांच्या व्यापारबंदीला पाठिंबा देऊन ॲडम्स स्वपक्षाच्या मनातून उतरले होते आणि जागाही गमावून बसले होते.

ब्रिटनशी 1812 मध्ये पेटलेले युद्ध मिटवायला आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात पाच अमेरिकी प्रतिनिधी बसले. त्यांत ॲडम्स आणि हेन्री क्ले यांचे जमणे अवघडच होते. ॲडम्स पहाटे उठून कामाला लागत, त्या सुमारास क्ले यांच्या खोलीतला पत्त्यांचा डाव मोडत असे. तरीही 24 डिसेंबर 1814 रोजी तहावर सह्या झाल्या. न्यू ऑर्लिन्सची लढाई त्यानंतर, 8 जानेवारी 1815 ला झाली. म्हणून ती ‘युद्ध संपल्यावरची लढाई’ असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. दोन्ही सरकारांनी तह मंजूर केल्यावरच शस्त्रे खाली ठेवायची, असे कलम त्यात होते आणि अमेरिकी सिनेटची मंजुरी आली फेब्रुवारीत. तोवर कायद्याने युद्ध चालूच होते. हा तह अमेरिकेचा विजय होता, हेही खरे नाही. अमेरिकी खलाशांना सक्तीने ब्रिटिश आरमारात ओढले जाई, हे युद्धाचे एक प्रमुख कारण. तहात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

फ्लोरिडा पन्नास लाख डॉलरना विकत घेतला, असे अनेक पुस्तकांत आढळते. 1819 च्या करारात स्पेनला रोख रक्कम मिळालीच नाही. अमेरिकी नागरिकांचे स्पेनविरुद्धचे नुकसानभरपाईचे दावे तेवढ्या मर्यादेपर्यंत अमेरिकेने स्वतः फेडायचे, असे ठरले होते. त्या वेळी परराष्ट्रमंत्री असलेल्या ॲडम्स यांनी याच करारात सीमारेषा थेट प्रशांत महासागरापर्यंत नेली. चाल हुशारीची होती, सोज्वळ नव्हे. अँड्र्यू जॅक्सन आदल्याच वर्षी सैन्य घेऊन फ्लोरिडात घुसले होते. त्यांची पाठराखण मंत्रिमंडळात ॲडम्सच करत राहिले आणि त्या घुसखोरीचा धाक त्यांनी स्पेनवर पुरेपूर वापरला.

युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये, असे बजावणाऱ्या ‘मन्रो सिद्धांता’वर नाव अध्यक्ष मन्रो यांचे असले तरी त्यातला मोठा भाग ॲडम्स यांच्या डोक्यातला. 1823 मध्ये ब्रिटनने अशाच आशयाच्या संयुक्त घोषणेचा प्रस्ताव दिला. जेफरसन आणि मॅडिसन या दोन्ही माजी अध्यक्षांचा कौल होकाराकडे होता. ब्रिटिश युद्धनौकेमागे होडीसारखे ओढले जाण्यापेक्षा आपले म्हणणे आपणच मांडू, असा आग्रह ॲडम्स यांनी धरला. तो मान्य झाला. मात्र या घोषणेने युरोप लगेच वचकला, हा समज पुढच्या काळातला. अमेरिकेकडे तसे आरमारच नव्हते. युरोपीय सत्तांना अटलांटिकपलीकडे रोखण्याची ताकद होती ती ब्रिटनकडे.

अध्यक्षपदाची चार वर्षे मात्र फिकी गेली. 1828 मध्ये जॅक्सन यांनी त्यांना हरवले. तिथे कारकीर्द संपली, असे वाटणाऱ्यांनी पुढची सतरा वर्षे विसरू नयेत. 1831 पासून 1848 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. 1841 मध्ये ‘अमिस्ताद’ जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांसाठी ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. जहाज आणि माणसे परत मागताना स्पेनने जुन्या कराराचे जे कलम पुढे केले, ते ॲडम्स यांनीच 1819 मध्ये कायम ठेवलेले होते. न्यायालयाने बंदिवानांना सोडले, पण गुलामगिरी बेकायदा ठरवली नाही, हे या खटल्यावरचा चित्रपट पाहून आलेल्यांना सांगावे लागते. आफ्रिकेतून त्यांना बेकायदा पळवून आणले होते, म्हणून ते मूळचेच स्वतंत्र, एवढाच निकालाचा आधार. त्यांना सरकारी खर्चाने परत पाठवण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेशही रद्द झाला. शेवटी समर्थकांनी वर्गणी जमवली आणि त्याच वर्षी हयात असलेले पस्तीस जण सिएरा लिओनकडे निघाले.