केवडा, मोरचूद आणि एका प्राध्यापकाचा प्रश्न



आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं द्राक्षबागायतदारांच्या घरची. परिसर अभ्यासाच्या तासाला ‘पिकांचे रोग’ सुरू होतं. पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, “सर, आमच्या पप्पांनी औषध मारलं, तरी केवड्यानं बाग का गेली?” सगळा वर्ग गप्प झाला. याचं उत्तर नीट द्यायचं तर मला फ्रान्सची एक गोष्ट सांगावी लागली. तीच तुम्हालाही सांगतो.

गोष्ट बोर्डो गावची

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळं फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं पोखरली. अमेरिकेतल्या वेली या किडीला दाद देत नव्हत्या, म्हणून त्या मागवल्या. पण त्यांच्यासोबत एक नवा रोग आला, केवडा. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये दिसला आणि बागांची पानं गळू लागली.

पिएर मिलार्दे हे बोर्डो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1882 च्या ऑक्टोबरात ते मेदोक भागातल्या बागांजवळून जात होते. सगळीकडे वेली उघड्या पडलेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार! जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर-पांढरा थर. चौकशी केल्यावर कळलं की येणारे-जाणारे लोक द्राक्षं तोडून खातात, म्हणून त्यांना भीती वाटावी यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडला होता.

शेतकऱ्यानं हे चोरांसाठी केलं होतं. प्राध्यापकांनी विचारलं, “मग रोग का नाही आला?” पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी उलिस गेयॉन या रसायनशास्त्रज्ञासोबत वेगवेगळी प्रमाणं करून पाहिली आणि 1885 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हेच आपलं बोर्डो मिश्रण. आजही आपल्याकडच्या बागांत ते वापरलं जातं.

ते काम कसं करतं?

केवडा आला की पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग दिसतात आणि खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ. आपण त्याला बुरशीच म्हणतो. शास्त्रज्ञ मात्र आता त्याला खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या, बुरशीसारख्या गटात ठेवतात. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात चक्क पोहतात आणि पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. म्हणून तर पाऊस आणि दव म्हटलं की बागायतदाराची झोप उडते.

बोर्डो मिश्रणाचा थर पानावर आधीच असेल, तर त्यातलं थोडं थोडं तांबं पाण्यात उतरतं आणि बीजाणू आत शिरण्याआधीच मरतो. पण तो एकदा पानाच्या आत गेला, की बाहेरचं तांबं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे हे औषध राखणदारासारखं आहे. चोर घरात शिरल्यावर दाराशी राखणदार बसवून काय उपयोग?

तयार कसं करतात?

1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि चुना 50 लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवायचा. भांडी प्लॅस्टिकची घ्यायची, लोखंडाची नकोत. दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून लाकडी काठीनं ढवळायचं. मग त्यात स्वच्छ खिळा किंवा विळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय असं समजायचं आणि आणखी चुना घालायचा, नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. कोवळ्या फुटीवर प्रमाण कमी लागतं, ते कृषी सहायकांना विचारून ठरवावं. आणि गरज नसताना फवारत राहू नये, कारण तांबं मातीत साठत जातं.

वर्गात काय करता येईल?

मोरचूद विषारी आहे, त्यामुळे खिळ्याचा प्रयोग शिक्षकांनीच हातमोजे घालून दाखवावा. मुलांसाठी पावाचे दोन तुकडे घ्या, एक कोरडा आणि एक किंचित ओला. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत बंद करा आणि रोज बाहेरूनच निरीक्षण लिहायला सांगा. ओलाव्याचं महत्त्व मुलं स्वतःच सांगतील.

आता त्या मुलाचं उत्तर. मी विचारलं, “फवारणी कधी केली?” तो म्हणाला, “डाग दिसल्यावर. आधी चार दिवस पाऊस होता, ट्रॅक्टर चिखलात जात नव्हता.” मी म्हटलं, “औषध पोहोचायच्या आधीच रोग पानाच्या आत शिरला होता.”

त्यानं हळूच विचारलं, “म्हणजे पप्पांचं चुकलं?”

“नाही रे. पप्पांना वेळच मिळाला नाही.”

तो खाली बसला. मधल्या सुट्टीत परत आला आणि म्हणाला, “सर, तो खिळ्याचा प्रयोग पप्पांना दाखवाल का?” येत्या शनिवारी त्यांना शाळेत बोलावलंय.